कबुलीची किंमत : ख्रिस्ती मंडळीतील ढोंग आणि प्रामाणिकपणा
(प्रस्तावना)

येशूने जकातदारांशी, व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीशी किंवा शेजारच्या क्रुसावर खिळलेल्या गुन्हेगाराशी बोलताना जो सूर लावला, त्याहून कितीतरी कठोर सूर त्याने धर्माचे प्रदर्शन मांडणाऱ्यांशी बोलताना लावला, हे शुभवर्तमाने वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात येते. मत्तयकृत शुभवर्तमानाचा 23 वा अध्याय जवळजवळ सबंध या एकाच दोषावर आहे. आणि त्याच ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनात दानधर्म, प्रार्थना व उपवास ही तिन्ही पुण्यकृत्ये लोकांनी पाहावीत म्हणून करू नयेत, असे स्पष्ट बजावलेले आहे. ज्या समाजाच्या मूळ ग्रंथातच हा दोष इतक्या उघडपणे सांगितला आहे, त्या समाजात तो पुन्हा पुन्हा का उगवतो, त्याला आवर घालण्यासाठी त्या समाजाने कोणकोणते उपाय योजले आणि पुढे त्या उपायांचेच काय झाले, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

येथे ‘मंडळी’ हा शब्द मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक वापरतात त्या अर्थाने घेतला आहे, म्हणजे एखाद्या गावातील उपासकांचा समूह आणि जगभरचा ख्रिस्ती समाज हे दोन्ही त्यात येतात. वसईकडचे कॅथलिक याच दोन गोष्टींना अनुक्रमे ‘धर्मग्राम’ आणि ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. ढोंगाची चर्चा बहुतेक वेळा व्यक्तीच्या स्वभावदोषाची चर्चा म्हणून होते : अमुक पाळक बोलतो एक आणि वागतो दुसरे, अमुक पंच प्रभुभोजनाच्या मेजाशी पुढे असतो आणि घरी बायकोवर हात उगारतो, असे तिचे स्वरूप असते. अशी उदाहरणे खरी असतात व त्यांची लाज वाटायलाच हवी; परंतु तेवढ्यावर थांबले तर मूळ प्रश्न हाती लागत नाही. एखाद्या मंडळीत खरे बोलणाऱ्याला काय गमवावे लागते, आणि ते गमावण्याची ऐपत कोणाची आहे व कोणाची नाही, हे विचारल्याखेरीज तेथील ढोंगाचे मोजमाप होऊ शकत नाही, अशी या ग्रंथामागची भूमिका आहे.

या भूमिकेला आधार नव्या करारातच सापडतो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखिया येथील एका भांडणाची हकिगत आहे. तेथील मंडळीत यहुदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, असे दोन्ही प्रकारचे विश्वासी होते आणि ते एकत्र जेवत असत. प्रेषित पेत्रही त्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे येताच पेत्र मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी विश्वासी आणि शेवटी पौलाचा सहकारी बर्णबाही तसेच करू लागले, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला आणि या वागण्याला ढोंग म्हटले. ज्या महाराष्ट्रात पंक्तिभेदावरून शतकानुशतके माणसांची प्रतिष्ठा ठरत आली, तेथील वाचकाला या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पेत्राचे मत बदलले नव्हते. सर्वांसोबत जेवावे असेच त्याला मनातून वाटत होते आणि तो तसा जेवलाही होता; बदलले ते त्याचे वागणे, आणि तेही आलेल्या माणसांच्या भीतीने. आपण आहोत त्यापेक्षा चांगले दिसण्याची धडपड हे ढोंगाचे नेहमीचे रूप. येथे मात्र स्वतःला पटलेल्या चांगल्या गोष्टीपासून माणूस भीतीने मागे हटला आहे. मिरवण्याचे ढोंग आणि भीतीचे ढोंग असा हा भेद पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण मंडळीच्या इतिहासात पहिल्याची निंदा पुष्कळ झाली, दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा यांची कथा पहिल्या प्रकारात मोडते : जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग मागे ठेवून सगळा दिल्याचा आव त्यांनी आणला. तेथे पेत्राचा आक्षेप पैसे ठेवण्याला नसून आव आणण्याला आहे. याच संदर्भात परूशांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. परूशी हा यहुदी धर्मातील नियमशास्त्राचा अभ्यास आणि दैनंदिन आचार यांना महत्त्व देणारा एक गंभीर पंथ होता. त्याचे नाव ढोंगी माणसासाठी शिवी म्हणून वापरण्याची ख्रिस्ती सवय अन्यायाची तर आहेच, शिवाय तिने ख्रिस्ती माणसाला स्वतःकडे पाहण्यापासून दीर्घकाळ सूट दिली. येशूची टीका एका यहुदी गुरूने आपल्याच धर्मबांधवांवर केलेली घरातली टीका होती. ती पुढे दुसऱ्याच्या घरावर फेकण्यात आली आणि तिची फळे यहुद्यांना युरोपात भोगावी लागली. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयीची ही परंपरागत दोषारोपाची भाषा अधिकृतपणे नाकारली. मराठी प्रवचनांत मात्र ‘परूशी’ अजूनही त्याच अर्थाने येतो, आणि पाळकांनी याचा विचार करायला हवा.

मंडळीत खरेपणाची पहिली मोठी परीक्षा इ. स. 250 मध्ये झाली. रोमन सम्राट डेसियस याने साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे काही दाखले पपायरसवर लिहिलेले टिकून राहिले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव, गाव, आपण नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो असल्याचे निवेदन आणि साक्षीदार अधिकाऱ्याची सही, असा ठरीव मजकूर असतो. काही ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले, काहींनी नकार देऊन मरण पत्करले, आणि काहींनी अर्पण न करताच पैसे भरून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर या पतितांना, म्हणजे दबावाखाली श्रद्धा नाकारलेल्यांना, परत घ्यावे की नाही यावर कार्थेजचा बिशप सिप्रियन याला मोठा वाद हाताळावा लागला. ज्याने मनाने काही अर्पण केले नाही पण कागदावर ‘केले’ असे लिहून घेतले, त्याचा अपराध किती, हा त्या वादातला सर्वांत अवघड भाग होता.

चौथ्या शतकारंभीच्या डायोक्लेशियनच्या छळानंतर उत्तर आफ्रिकेत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. छळात पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन करणाऱ्या धर्मगुरूंनी केलेल्या दीक्षा व संस्कार निष्फळ आहेत, अशी भूमिका डोनाटिस्ट नावाच्या गटाने घेतली. मंडळी शुद्ध असावी आणि तिचे सेवक निष्कलंक असावेत, हा त्यांचा आग्रह होता. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला उत्तर दिले, की संस्काराचे सामर्थ्य देणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते आणि गहू व निदण, म्हणजे तण, कापणीपर्यंत एकत्रच वाढतात, त्यामुळे या जगातील मंडळी मिश्रच राहणार. 411 च्या कार्थेज परिषदेत सरकारी निर्णय डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. शुद्ध मंडळीचा पक्ष आणि मिश्र मंडळीचा पक्ष हे तेव्हापासून या क्षेत्रातील दोन मुख्य प्रवाह ठरले आहेत, आणि दोघांचीही आपापली गोची आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या मंडळीत दोष लपवण्याची गरज वाढते. मिश्रतेचे समर्थन करणाऱ्या मंडळीत दोषाकडे काणाडोळा करण्याची सोय होते. ऑगस्टीनचा युक्तिवाद भित्र्या सामान्य विश्वासूंना दिलासा देणारा होता, पण तोच पुढे सत्ताधारी धर्मगुरूंच्या संरक्षणासाठी वापरला गेला, ही इतिहासातली खेदाची गोष्ट आहे.

प्रारंभीच्या शतकांत गंभीर पापाचे प्रायश्चित्त सर्वांदेखत व सहसा एकदाच घेता येत असे. हळूहळू त्याची जागा धर्मगुरूपुढे एकांतात करावयाच्या पापकबुलीने घेतली, आणि 1215 च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने प्रत्येक समंजस वयाच्या विश्वासूला वर्षातून किमान एकदा ती बंधनकारक केली. गोव्यात आणि वसईत जिला ‘कुमसार’ म्हणतात तीच ही. तिने लक्षावधी माणसांना आपल्या मनातले कोणापाशी तरी बोलण्याची जागा दिली हे तिचे श्रेय मोठे आहे. मात्र बंधनकारक झालेली कबुली ठराविक यादीत उतरण्याचा धोकाही तिच्यासोबत आला. पापाच्या शिक्षेतून पैसे देऊन सूट मिळवण्याची प्रथा वाढल्यावर मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये मांडलेल्या 95 सूत्रांत पहिल्यापासूनच असे प्रतिपादन केले, की पश्चात्ताप ही एखाद्या दिवशी उरकायची गोष्ट नसून ख्रिस्ती माणसाच्या सबंध आयुष्याची रीत आहे. विश्वासू माणूस देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरलेला आणि त्याच वेळी पापीही असतो, या त्याच्या सिद्धांताने प्रामाणिकपणाला प्रथमच पक्का ईश्वरशास्त्रीय पाया दिला, कारण स्वतःला पापी म्हणवल्याने तारण गमावले जात नाही हे त्यातून निघत होते.

धर्मसुधारणेनंतरच्या शाखांपैकी एकीचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात वसलेल्या प्युरिटन मंडळ्यांनी सभासदत्वासाठी अशी अट घातली, की अर्जदाराने आपल्या अंतःकरणात देवाच्या कृपेने बदल कसा घडला याचे निवेदन मंडळीपुढे करावे. हेतू खरेपणाचाच होता. पण निवेदनांचा साचा लवकरच ठरून गेला आणि पुढच्या पिढीतील अनेक प्रामाणिक माणसे, असा अनुभव आपल्याला आलाच नाही असे सांगून, सभासदत्वाबाहेर राहिली. 1662 साली तेथील धर्मगुरूंना अर्ध्या सभासदत्वाची तडजोड काढावी लागली. याच परंपरेचे वारस असलेले अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे काम सुरू केले. बाप्तिस्मा मागणाऱ्याचा हेतू कसोटीला लावण्याची, त्याला काही काळ थांबवून ठेवण्याची त्यांची पद्धत न्यू इंग्लंडच्या त्या अटीशी नाते सांगणारी होती.

युरोपातील इतर प्रयत्नांचा येथे धावता उल्लेख पुरे. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने 1738 मध्ये लहान गटांसाठी नियम केले, त्यांनुसार गटातील प्रत्येकाने गेल्या बैठकीनंतर आपल्या हातून काय काय चुकले ते दर आठवड्याला एकमेकांना सांगायचे असे. डेन्मार्कमध्ये पाळक हे सरकारी पगारदार होते; तेथे बिशप मिन्स्टर यांच्या मृत्यूनंतर त्यांना सत्याचे साक्षीदार म्हणून गौरवण्यात आले, तेव्हा सोरेन किर्केगार्डने 1854–55 मध्ये राज्यधर्माच्या आश्रयाने वाढलेल्या आरामशीर ख्रिस्तीपणावर जाहीर हल्ला चढवला आणि मृत्युशय्येवर सरकारी पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेण्यासही नकार दिला. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या मंडळीसाठी फिंकनवाल्डे येथे पाळक घडवणाऱ्या डीट्रिख बॉनहॉफर यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहजीवनावरील पुस्तकात अचूक बोट ठेवले : ज्या सात्त्विक मंडळीत कोणालाच पापी असण्याची मुभा नाही, तेथे प्रत्येक जण आपले पाप लपवून एकटा पडतो. प्रस्तुत ग्रंथातील बहुतेक लेखकांवर या विचाराचे ऋण आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला ढोंगाचा प्रश्न वेगळ्या दाराने भेटला. येथे तो आधी बाहेरून आलेला आरोप होता. 1876–78 च्या दुष्काळात आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अहमदनगर भागातील महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने बाप्तिस्म्यासाठी आली, तेव्हा ती पोटासाठी ख्रिस्ती झाली, असे म्हटले गेले. हा आरोप हिंदू समाजातून झाला, तशीच ही शंका मिशनऱ्यांच्या मनातही होती. भुकेल्या माणसाचा हेतू निव्वळ आध्यात्मिक असावा अशी अपेक्षा ज्यांनी धरली त्यांनी कधी उपास काढले नव्हते, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. गावकीत ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याला भाकरी, शाळा आणि माणूस म्हणून नाव या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळाल्या, तर त्यांतली कोणती ‘खरी’ आणि कोणती ‘खोटी’ हे वेगळे काढण्याचा अधिकार कोणाला? हेतूची चौकशी नेहमी गरिबाचीच होते. ज्याने प्रतिष्ठेसाठी, संस्थेतल्या खुर्चीसाठी किंवा वाडवडिलांचे चालत आले म्हणून धर्म धरून ठेवला आहे, त्याला कोणी हेतू विचारत नाही. दुसरी बाजूही नोंदवायला हवी : पहिल्या पिढ्यांतील कितीतरी मराठी ख्रिस्ती लोक शिक्षक, उपदेशक किंवा कारकून म्हणून मिशनच्याच पगारावर होते, आणि ज्याच्या हातून पगार येतो त्याच्यासमोर आपल्या शंका बोलून दाखवणे सोपे नसते.

या सर्व काळात पंडिता रमाबाईंइतके प्रामाणिकपणाचे दाम मोजलेले उदाहरण शोधून सापडणार नाही. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील अँग्लिकन भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते ते असे, की जे मत आपल्या बुद्धीला व विवेकाला पटलेले नाही त्याला केवळ मंडळी सांगते म्हणून होकार भरण्यास त्यांनी ठाम नकार दिला. त्रैक्य, म्हणजे एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत आहे हा सिद्धांत, आणि धर्मगुरूंचा अधिकार या मुद्द्यांवर त्यांनी उघड वाद घातला. त्यांच्या हितचिंतकांना हा अहंकार वाटला. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेली ती पत्रे आज वाचताना जाणवतो तो अहंकार नव्हे; पटले नसताना ‘आमेन’ म्हणण्याची लाज वाटणाऱ्या एका स्त्रीचा निर्धार त्यांत आहे. पुढे त्यांनी काढलेल्या शारदा सदनात उलट दिशेने आरोप आला. विधवांना आपापला आचार पाळण्याची मोकळीक असलेल्या त्या संस्थेत रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून 1893 मध्ये पुण्यात गदारोळ झाला, छुप्या धर्मांतराचा ठपका आला आणि रानडे व भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळींनी संबंध सोडले. चर्चच्या लेखी त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या आणि पुण्याच्या लेखी त्या आतून फार ख्रिस्ती होत्या. दार लावून घेतले असते तर दोन्हीकडचा त्रास वाचला असता. त्यांनी ते लावले नाही. पुढे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात अशीही कबुली दिली, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपण धर्म स्वीकारलेला होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, त्याची ओळख व्हायची राहूनच गेली होती. मिशनच्या देणगीदारांपुढे असे लिहिणे किती अवघड होते याची कल्पना मंडळीचे अहवाल लिहिणाऱ्या कोणालाही येईल.

त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेरीस संजीवन सुरू झाले. संजीवन म्हणजे मंडळीत सामूहिक रीतीने उसळणारा पश्चात्तापाचा व प्रार्थनेचा उमाळा. त्यात शेकडो मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, आपले अपराध बोलून दाखवीत. आफ्रिकेत रुआंडाच्या गाहिनी येथून 1930 च्या दशकात पसरलेल्या चळवळीतही उघड कबुलीला असेच केंद्रस्थान मिळाले. अशा कबुलीने तुटलेली नाती जुळली, चोरलेल्या वस्तू परत गेल्या, याच्या नोंदी भरपूर आहेत आणि त्यांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. मात्र ‘साक्ष’, म्हणजे देवाने आपल्या जीवनात काय केले याचे मंडळीपुढील कथन, दर रविवारचा कार्यक्रम झाली, की तिलाही वळण पडते : आधीचे पाप रंगवून सांगावे, नंतरचा विजय ठसवावा, आणि चालू आठवड्यातल्या हारीविषयी काहीच बोलू नये. प्युरिटन निवेदनाचे जे झाले तेच साक्षीचे झाले. प्रामाणिकपणासाठी काढलेला प्रत्येक मार्ग काही काळाने ढोंगाचा नवा पोशाख ठरतो, हा या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

रेव्ह. नारायण वामन टिळकांनी वेगळा विचार केला. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य येऊ शकत होते. ज्यांना ख्रिस्त हवा होता पण घरदार तोडणे शक्य नव्हते त्यांना लपून राहावे लागू नये, ही त्यामागची तळमळ होती. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आल्याचे सांगणाऱ्या टिळकांना भागवत परंपरेतील दंभाची निर्भीड चिकित्सा आपलीच वाटत होती, हे ओघाने आलेच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची थोरवीही याच दृष्टीने पाहता येते : सोवळेओवळे मनातून जायला किती वेळ लागला, पतीच्या धर्मांतराने आपण किती चिडलो आणि खचलो, हे त्या कोणताही धार्मिक मुलामा न देता सांगतात. मराठी ख्रिस्ती साहित्यात उपदेश पुष्कळ आहे. असा आरपार कथनाचा सूर दुर्मीळ आहे.

जातीच्या प्रश्नावर मात्र मंडळीचा इतिहास अंत्युखियाच्या पंगतीहून फारसा पुढे सरकलेला दिसत नाही. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, इन्क्विझिशन म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे धर्मन्यायालय चालले आणि 1736 च्या त्याच्या आदेशाने लग्नातली गाणी, विडा, तुळस, धोतर-चोळी अशा घरगुती रीतींवरही बंदी घातली. तुळशीसाठी माणसाला शिक्षा करणाऱ्या त्या व्यवस्थेला धर्मबंधुसंघांचे सभासदत्व जातीवर ठरते यात काही वावगे दिसले नाही. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे दोन जातींनी एकमेकींना न पाहता उपासना करावी म्हणून दोन फाट्यांचे चर्च बांधले गेले. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांत जातिभेद तात्काळ व कायमचा बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरच्या उच्चजातीय ख्रिस्ती लोकांनी त्याला कडवा विरोध केला. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना मंडळीत अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे स्वतःच मान्य केले. संस्थेने उशिरा का होईना स्वतःविषयी खरे सांगितले, हे महत्त्वाचे पाऊल होते. त्या कबुलीनंतर सोयरिकीच्या बैठकीत, दफनभूमीत आणि मंडळीच्या निवडणुकीत काय बदलले, हे तपासण्याचे काम या ग्रंथातील काही लेखांनी हाती घेतले आहे.

याच्याच जोडीला जातीच्या दाखल्याचा प्रश्न येतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुळात मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने जात जाते असे कायदा धरून चालतो, आणि गावात व कित्येकदा मंडळीतही ती गेलेली नसते. परिणामी शाळेच्या दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरे, अशी दुहेरी ओळख घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे जगतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती श्रद्धा पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरवली. धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला आहे. सिप्रियनपुढे उभ्या राहिलेल्या दाखलाधारकांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे, पण दोन्हींत फरकही आहे : डेसियसचा दाखला छळ चुकवण्यासाठी होता, हा दाखला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची अंशतः भरपाई मिळण्यासाठी आहे, आणि तो अन्याय बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेलेला नाही. अशा माणसाला प्रवचनपीठावरून ढोंगी म्हणणे पाळकाला सोपे जाते. त्याच्या मुलीच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च मंडळी उचलणार आहे का, हे मात्र त्याच प्रवचनपीठावरून कोणी विचारत नाही.

या विषयाला आज जी निकड आली आहे तिचे आणखी एक कारण म्हणजे संस्थेचे मौन. बोस्टन येथील एका वृत्तपत्राने जानेवारी 2002 पासून प्रसिद्ध केलेल्या बातम्यांनंतर अमेरिकी कॅथलिक बिशपांनी करवून घेतलेल्या पाहणीत 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याचे आढळले. त्यांतील अनेकांना तक्रारीनंतर केवळ दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले गेले होते. प्रॉटेस्टंटांना यातून सुटका नाही : अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेच्या कार्यालयात आरोपितांची यादी वर्षानुवर्षे गुप्तपणे ठेवली जात होती, हे 2022 मध्ये उघड झाले. येथील ढोंग एका पापी माणसाचे नसते. मंडळीची अब्रू जपण्यासाठी चांगल्या माणसांनी मिळून गप्प राहण्याचे ते असते, आणि त्याची किंमत लेकरे मोजतात. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याने बालकांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. कबुलीची गुप्तता आणि हे कर्तव्य यांचा मेळ कसा घालावा, यावर मराठी मंडळ्यांत मोकळी चर्चा अजून जवळजवळ झालेलीच नाही. मंडळीच्या मिळकती, भाडी, वर्गण्या आणि विश्वस्तांतील खटले यांविषयीही असेच आहे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब दाखल होतो, पण ज्या विधवेने दशांश दिला तिला तो समजेल अशा भाषेत कोणी सांगत नाही.

प्रस्तुत ग्रंथ दोन टोके टाळू पाहतो. त्याला मंडळीची लक्तरे चव्हाट्यावर मांडायची नाहीत, कारण त्याचे बहुतेक लेखक त्याच मंडळीत बाप्तिस्मा पावलेले, तिच्यात लग्ने लावलेले आणि आपली माणसे तिच्या दफनभूमीत पुरलेले आहेत. आणि त्याला तिचे वकीलपत्रही घ्यायचे नाही. ईश्वरशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि पाळकीय अनुभव अशा चार अंगांनी आलेले हे लेखन एकमेकांशी सर्वत्र सहमत नाही : शुद्ध मंडळीचा आग्रह सोडू नये असे मानणारे लेखक यात आहेत, आणि शिस्तीच्या नावाखाली झालेल्या बहिष्कारांनीच भीतीचे ढोंग पोसले असे मानणारेही आहेत. संपादनात हे मतभेद मिटवलेले नाहीत. आधारासाठी छापील ग्रंथांबरोबरच 1842 पासून चाललेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे जुने अंक, पंचमंडळीची इतिवृत्ते, मिशनचे अहवाल आणि आत्मचरित्रे यांचा उपयोग केला आहे, व जिवंत व्यक्तींच्या बाबतीत नावे व ओळख देण्याचे कटाक्षाने टाळले आहे.

या साधनांची एक मोठी उणीव वाचकांनी वाचताना ध्यानात ठेवावी. इतिवृत्ते पंचांनी लिहिली, अहवाल मिशनऱ्यांनी लिहिले, आणि शिस्तभंगासाठी प्रभुभोजनापासून दूर ठेवलेल्यांची बाजू त्यांत क्वचितच येते. ‘वर्तणूक समाधानकारक नाही’ अशा एका ओळीत एखाद्या बाईचे सबंध आयुष्य संपवलेले असते. तिने काय केले होते, तिला विचारले होते का, ज्या पुरुषाचा त्यात हात होता त्याचे नाव पुढच्या पानावर वर्गणीदारांच्या यादीत का दिसते, हे प्रश्न या ग्रंथाने विचारले आहेत. त्यांची सगळी उत्तरे कागदांत मिळालेली नाहीत. जी मिळाली ती बहुतांशी घराघरांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी आठवणींतून आली, म्हणून त्या आठवणींना स्वतंत्र प्रकरण देऊन दस्तऐवजांच्या बरोबरीने आधार मानले आहे.